कुंडातली समीक्षा

सिग्लुफ्योर्दुरमध्ये दिवसा मी खोकल्याचं औषध विकते,
रात्री माणसांचे कपडे उतरवते. कागदावर.
टोपणनाव घेतलंय, परदेशी, गुलाबीसर.
बाराशे वस्तीच्या गावात टोपणनाव म्हणजे
काचेचा पडदा.

शनिवारी सकाळी, तरणतलावाशेजारच्या गरम कुंडात
माझ्या वाचक बायका बसलेल्या असतात
गळ्यापर्यंत पाण्यात, भुवयांवर बर्फ.
आत येण्याआधी सगळ्यांनी नागडं होऊन
साबणानं अंग धुवायचं, हा इथला नियम.
त्यामुळे शरीर म्हणजे काय
हे इथे प्रत्येकीला पाठ आहे.
तरी वाचतात.

माझ्याकडे कुणी बघत नाही.
सगळ्या डोंगराकडे बघतात
आणि पुस्तकाबद्दल जे सांगायचं ते डोंगरालाच सांगतात.

"नायक फार दणकट झालाय," उन्नुर म्हणते.
"असला माणूस भांडी घासत नाही.
मला घासणारा हवा. बाह्या दुमडलेला,
कोपरापर्यंत फेस.
तेवढ्यावर मी दोन प्रकरणं कळ काढीन."

हाल्फ्रीदुरनं तीस वर्षं गणित शिकवलं:
"एका पानात सगळं उधळून मोकळी होतेस.
बेरजेत हातचा धरतात ना, तसा धर.
बोटावर ठेव,
पुढच्या घरात मिळव."

कोळंबीच्या कारखान्यातली स्वान्हिल्दुर सव्वीस वर्षांची.
ती पाण्यावर थाप मारते:
"एकशेबाराव्या पानावर दार का लावलंस?
आम्ही काय शाळेत आहोत?"
"दार उघडं ठेव," उन्नुर म्हणते, "पण कुत्र्याला बाहेर काढ.
तो बघत असला की माझं लक्ष लागत नाही."
मग असं हसू फुटतं
की पलीकडे पोहणारा पाद्री
डोकं पाण्याखाली घालतो.

मांड्यांच्या वर्णनावर मी अकरा रात्री घालवल्या होत्या.
मांड्यांचं नावही कुणी काढलं नाही.

ओद्नी कोपऱ्यात असते, पाणी जरा गार असतं तिथे.
तिच्या नवऱ्याच्या हृदयाच्या गोळ्या
मीच बांधून देत असे, दर महिन्याच्या तीन तारखेला.
आता तो चढावरच्या कब्रस्तानात आहे.
भला माणूस, असं सगळे म्हणत. मीही म्हणत असे.

बाकीच्या गेल्या. ती थांबली.
डोंगर ढगात गेला होता,
म्हणून असेल, माझ्याकडे बघून बोलली:
"पान एकशे सदतीस.
तो तिला विचारतो."
काय, मी म्हटलं, मला आठवेना.
"'इथे?' असं विचारतो.
आणि उत्तर येईपर्यंत हात हलवत नाही."

वाफ मध्ये आली. गेली.

"चव्वेचाळीस वर्षं," ती म्हणाली,
आणि ते वाक्य तिथेच सोडलं.
तोंडावरून पाणी निपटलं. पाणीच असावं.
"पुढच्या पुस्तकातही विचारू दे त्याला."
उठली. बर्फातून अनवाणी गेली,
अजिबात घाई न करता.

घरी येऊन नवं हस्तलिखित उघडलं.
ह्या खेपेला नायक जहाजाचा कॅप्टन,
त्याला सगळंच माहीत:
कुठली गाठ कशी सुटते, कुठे वळायचं, किती वेगानं.
तीन पानं त्यानं न विचारता ओलांडली होती,
मीही त्याच्याबरोबर, ऐटीत.
तीन पानं खोडली.
त्याला तिच्या खांद्यापाशी थांबवला.
एक शब्द दिला, एक प्रश्नचिन्ह.

आता तिची पाळी.
मला वाटलं होतं, "हो" लगेच येईल,
माझ्या पुस्तकांत ते नेहमी लगेच येतं.
आलं नाही.
बाहेर बर्फ ढकलणारी गाडी दोनदा जाऊन आली,
कॉफीवर साय धरली.
ती विचार करतेय.
कॅप्टनचा हात हवेत आहे.
त्याला मी सांगितलंय, अवघडला तरी चालेल.