तळ

सहा वर्षं त्या टाकीला तळ म्हणून नुसती काच होती.
माझाच हट्ट. मी इस्पितळात फरशा पुसते,
तिसरा मजला, रात्रपाळी,
आणि घाण लपू शकेल अशी जागा
मला घरात नको होती.
ओरेस्त म्हणायचा, लेस्या, समुद्राला फरशी नसते.
मी म्हणायचे, मूस जॉला समुद्रच नाही.
बादलीत मीठ कालवून केलेला हा समुद्र,
त्याला माझे नियम.

पिवळा रॅस मात्र दिवा मालवला की
तोंड खाली करून काचेवर आपटायचा.
टक्. थांबायचा. टक्.
त्याच्या जातीला झोपायला वाळूत शिरावं लागतं,
हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं,
आणि विसरताही येत नव्हतं.
शेवटी पंपामागे अंग मुडपून पडायचा,
बसस्टँडवर रात्र काढणाऱ्या माणसासारखा.

नोव्हेंबरात ओरेस्तचा उजवा हात गेला
आणि हातामागून बरेचसे शब्द.
आता रात्रभर तो जागा, मी कामावर.
ते टक् टक् ऐकायला तो एकटाच.
फेब्रुवारीत एका सकाळी घरी आले
तर दारात वाळूचं पोतं.
ड्वेन ठेवून गेलेला. सोबत कपभर
त्याच्या जुन्या टाकीतली वाळू,
ओली, करडी, ओहोटीच्या वासाची.
ओरेस्तने डावं बोट फिरवलं:
पोतं, टाकी, मी.

बाहेर उणे छत्तीस.
तळघरात मी वाळू तांदळासारखी धुतली.
पहिलं पाणी दूध. सहावं ताक.
चौदाव्या पाण्यात माझी बोटं दिसली
तेव्हा ती माझी वाटत नव्हती.

पंप बंद केला.
दगड उचलायला गेले तर मान जोरात हलली:
नाही. सहा वर्षांत जे जिथे चिकटलंय ते तिथेच.
सांडपाण्याच्या पाइपाचा तुकडा, वर दुधाच्या कॅनचं नरसाळं,
दुसरं टोक तळाशी टेकवून
मी मूठमूठ सोडत गेले.
‘हळू’ हा शब्द त्याच्याकडे उरलेला आहे.
त्या सकाळी त्याने तो उधळला.
एक कोपरा आज. मधला भाग पुढच्या रविवारी.
जुन्या संसारात नवं काही आणायचं
तर एकदम नाही.
शेवटी ड्वेनची कपभर वाळू, विरजणासारखी,
एका जागी. ढवळायची नाही.

तरी पाणी गढूळलंच.
क्लाउनफिश कुठे, दगड कुठे, काही कळेना.
माझ्या हाताला फडक्याची सवय,
आणि इथे पुसण्यासारखं काहीच नव्हतं.
ओरेस्त खुर्चीत. मी जमिनीवर, कोट अंगात तसाच.
दोघं त्या धुक्याकडे बघत बसलो.
इतका वेळ एकाच दिशेला बघत
आम्ही कधी बसलो होतो, आठवेना.

तिसऱ्या रविवारी वाळू सगळीकडे पोचली,
दोन बोटं जाड.
दिवा मालवला. रॅस आला, तोंड खाली,
आपटायच्या बेतात,
आणि गेला.
म्हणजे उरलाच नाही. वाळूवर
एक खळगी, तीही भरून आली.

सोमवारी दिवसभर दिसला नाही.
मंगळवारी मी मनात त्याला पुरूनही टाकलं.
माझं मेलं नशीब, सहा वर्षं जगला
आणि मी मऊ गादी घातली तर मेला.
ओरेस्तला विचारलं, उकरून बघू?
त्याने माझं मनगट धरलं, डाव्या हाताने.
बराच वेळ सोडलं नाही.

बुधवारी पहाटे सहा वाजून दहा मिनिटांनी
तिसऱ्या मजल्यावर फोन वाजला. घरचा नंबर.
पलीकडे कुणी बोलेना.
फक्त पंपाची घरघर, आणि श्वास,
शब्द शोधत असल्यासारखा, मग न शोधता.
मी विचारलं, आला?

श्वास थांबला. पुन्हा सुरू झाला.
मी मॉप भिंतीला टेकवला.