दावण

उदगीरच्या पशुपैदास संस्थेत, लसींच्या रिकाम्या खोक्यांमागं
मला एक टेबल मिळालं आणि तीन महिन्यांचं कंत्राट.
देवणी जनावरांची नोंदवही कागदावरून उचलून
कॉम्प्युटरात आणायची.
डावीकडं नाव, गाव, वेत, दूध.
उजवीकडं फोटो, चारशे बाय तीनशे.

मजकूर पहिल्याच दिवशी मुकाट आला.
फोटो येईनात.

आधी पत्ता चुकला. फाइल डी ड्राइव्हच्या पोटात
आणि मी हाका मारतेय भलत्याच फोल्डरात.
मग जेपीजी चालेना, त्याला वेगळी लायब्ररी हवी,
ती उतरवायला मोबाईल खिडकीच्या गजाला टेकवून
अख्खी दुपार.
मग चूक सांगायचंच बंद झालं.
खिडकी उघडायची, शीर्षक नीट, बटणं नीट,
आणि फोटोच्या जागी राखाडी चौकोन,
मापात एका ठिपक्याचीही खोट नाही.

चाळीस फोटो एका रांगेत लावले
तर एकोणचाळीस राखाडी
आणि शेवटी, अगदी कडेला, एकटा शेवरा वळू,
ठिपक्याठिपक्यांचा, कॅमेऱ्यावर रागावलेला.
तोच का, हे मला दोन रात्री कळलं नाही.

बसलिंगप्पा बिरादार आठवड्यातून दोनदा यायचे.
चपला बाहेर काढून, जणू आत देव आहे.
‘आमची मैनी चढली का त्याच्यात?’
चढली, पण दिसत नाही.
‘दिसत नाही म्हंजे? गेली कुठं?’

मी सांगायला बसले, आणि सांगता सांगता
माझंच मला ऐकू येत गेलं:
फंक्शन फोटो उघडतं, लेबलला देतं, संपतं.
ते संपलं की त्या फोटोचं नाव
धरून ठेवणारं कुणी उरत नाही.
लेबल नुसतं दाखवतं, धरत नाही.
आणि ज्याला कुणी धरलेलं नाही
ते मशीन झाडून काढतं, जागा मोकळी करतं.
पुढचा आला की मागच्याचं नाव सुटतं.
शेवटच्याच्या मागं कुणी आलंच नाही, म्हणून तो राहिला.

बिरादारांनी तंबाखूची चिमूट तशीच बोटांत ठेवली.
‘बांधलंच नव्हतं म्हणा की.
दावं सोडून दिलाव
अन् आता म्हणलालाव, गाय कुठं गेली.’

मग वर, फंक्शनच्या बाहेर, एक रिकामी यादी केली.
तिला सगळे देतात ते नाव दिलं नाही.
इंग्रजी पाच अक्षरांत लिहिलं, दावण.
आणि आत प्रत्येक फोटो उघडला की
एक ओळ: दावणीला बांध.

चालवलं.
वानेरा, काळ्या तोंडाची, लोहाऱ्याची.
बालंक्या, पोटाखाली शाई सांडल्यासारखा.
वासरू. वासरू. एकाचं नुसतं शेपूट आणि गोठ्याचं दार.
आणि मैनी, पाचव्या रांगेत, वाकड्या शिंगाची,
कोपऱ्यात मात्र काहीतरी तपकिरी, धूसर, मोठं.

‘हे कापते मी,’ म्हटलं. ‘फोटो काढताना बोट आलंय.’
ते खुर्ची ओढून पडद्याच्या इतके जवळ गेले
की त्यांच्या श्वासानं काच धुरकटली.
‘राहू द्या. सिद्रामचा अंगठा हाय.’
सिद्राम चाकणला, दोन वर्षं झाली, रात्रपाळी.
नियमात होतं, फोटोत फक्त जनावर.
मी कात्रीचं बटण दाबलं नाही.

‘अन् रातच्याला हे बंद केलं की?’
की सगळी सुटतात, म्हटलं. दावणसकट.
सकाळी चालू केलं की पुन्हा एकेक उघडून
पुन्हा बांधायची.
‘मग बराबर हाय,’ म्हणाले, आणि चिमूट तोंडात टाकली.

जाता जाता दारातून वळून:
‘दूध सहा लिहिलंव का? सात देती ती.’
वहीत सहा होतं. मी वही दाखवली.
‘वही कुणी लिहिली? तिनं का?’