गुरुवारचा रकाना

नऊ नंबरच्या वॉर्डात दर गुरुवारी मी माणसं मोजते.
एक ते सात. एक म्हणजे नाही, सात म्हणजे फार.
संशय किती, भास किती,
चेहरा किती कोरा.
खोडरबर वापरायचं नाही,
असं हेलसिंकीहून आलेल्या कागदावर छापलंय.

गोळ्या दोन तऱ्हेच्या, दिसायला जुळ्या.
एकीत औषध, एकीत नुसती दुधाची साखर.
कुणाला कुठली, मला ठाऊक नाही,
डॉक्टर निस्कानेननाही नाही.
लाखबंद पाकिटं तिजोरीत,
तिजोरीची किल्ली दुसऱ्या गावात.

ताउनो बावीस वर्षं खिडकीशी.
पूर्वी नदीतून ओंडके न्यायचा, हातात लांब आकडा,
ओंडक्यावरून ओंडक्यावर उड्या टाकत.
बर्फाखालून एक बाई त्याला हाक मारते.
नावाने नाही. नुसतं "अरे, ए."
आवाजांचे मी सहा लिहिते. गेल्या गुरुवारीही सहा.

पाचव्या आठवड्यात तो म्हणाला,
"कॉफी फार गरम आहे."
मी कागद चाळला, वरून खाली, पाठपोट.
बावीस वर्षं त्याने कॉफी,
उकळती असो की गारढोण,
एका दमात घशाखाली ओतली होती.
याला रकाना नव्हता.
समासात लिहिलं: कॉफी.

सातव्या आठवड्यात आवाजांचे दोन.
डॉक्टर पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले.
ताउनोचे हात तोवर कापू लागले होते,
कोटाच्या बटणाला काज सापडत नव्हतं.
"ती कुठे गेली?" त्याने विचारलं.
मी म्हटलं, कोण?
तो तळ्याकडे बघत राहिला. बर्फ अजून हातभर जाड.
दुःखाला रकाना होता. तीन लिहिले.
कमी लिहिले असतील.

एप्रिलअखेर पाकिटं फुटली.
ताउनोला औषध. ओइवालाही औषध, आणि ओइवा
अजून भिंतीला पाठ लावूनच जेवतो.
हिल्का, जी चौथ्या आठवड्यात बहिणीचा हात धरून
हसत बसमध्ये चढली,
तिला दुधाची साखर.
सगळ्यांची बेरीज झाली, भागाकार झाला,
आलेखावर एक रेघ उतरली, दिसायला छान,
जिच्यावर तिघांतलं कुणीच उभं नव्हतं.

गोळ्या पुढे मिळतील का,
ते पत्रात नाही.
डबीत अकरा दिवसांच्या आहेत. दोनदा मोजल्या.

आज गुरुवार. कागद नाहीत.
तरी ताउनो येऊन खुर्चीत बसला,
कोट एक बटण चुकून लावलेला.
कपावर फुंकर घातली,
थांबला,
परत घातली.