तीन मिनिटं झाली

उजव्या कानात एक लाईन उघडी राहिलीय.
पलीकडं कुणी नाही.

बत्तीस वर्षं टेलिफोनात काढली मी,
त्यातली पहिली चौदा ट्रंक बोर्डावर.
गारगोटी, निपाणी, गडहिंग्लज, मलकापूर.
हेडफोनची चकती सदा उजव्या कानावर,
कॉर्ड खुपसायची, माणसाला माणूस जोडायचा
आणि मधेच शिरून म्हणायचं,
तीन मिनिटं झाली, वाढवू?
बारसं असो, मर्तिक असो.

आवाज कसा आहे ते धड सांगता येत नाही.
रातकिडा नव्हे, रातकिडा दम खातो.
कुकरची शिट्टी म्हणावी तर ती उतरते.
उद्यमनगरात लांब कुठंतरी ग्राइंडर चाललाय,
सुट्टीच्या दिवशीपण.

नव्या डॉक्टरीणबाई नाशिककडच्या.
मी म्हटलो, बाई, तेरा रात्री झोपलो नाही.
लिहिता लिहिता थांबल्या. कोण, मिस्टर?
म्हटलो, मिस्टर घोरत्यात. मी झोपलो नाही.
कोल्हापूरची बाई अशीच बोलते,
तुम्ही कागदावर झोपले लिवा.
हसल्या. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या,
ही गोळी आवाजाची नाही, आवाज राहील.
त्याला चिकटलेली भीती तेवढी सैल करू.
सकाळची एक, ती सावकाश लागते, महिना धरून चला.
रात्रीची अर्धी, थोडेच दिवस.
मनानं वाढवायची नाही,
मनानं बंदही करायची नाही.

आता मन म्हणजे तेच की,
ज्याला औषध चाललंय.

अर्धी करायला घरात काय, तर सासूबाईंचा अडकित्ता.
पहिल्याच रात्री निम्मी उडाली कपाटाखाली.
एक वाजता गुडघ्यावर बसून
बॅटरीच्या उजेडात मी शोधतोय,
धूळ, एक बटण, नातीचा पेन्सिलचा तुकडा,
आणि कानात तो,
आणि छातीत बोर्डावरचे सगळे दिवे एकदम लागलेले,
कॉल एकाही लाईनवर नाही.
गोळी नाही सापडली.
फरशीवर तशीच बसून राहिलो,
पंखा पाचवर करून.

मेडिकलचा अकलंक पोरगा गुणाचा.
चिठ्ठी बघितल्याशिवाय स्ट्रिप देत नाही,
मावशी म्हणतो तरी देत नाही.
आधी राग यायचा.
मग एकदा स्ट्रिप संपायला चार दिवस होते
आणि मी रोज दोनदा मोजत होतो,
गोळ्या चारच, त्या काय पिल्लं घालणार,
तेव्हा कळलं तो का देत नाही.

श्रावणात बाईंनी रात्रीची पाव केली.
पाव गोळी म्हणजे तांदळाचा दाणा.
बोटाला चिकटते, दिसत नाही,
जिभेवर कडू लागली की कळतं, गेली.
पहिले सात दिवस वाईट.
आठव्या रात्री आवाज होता,
मी त्याच्याकडं पाठ करून पडलो,
घोरणाऱ्या माणसाकडं करतात तशी.
दोघांकडं पाठ कशी होणार? झाली.

पहाटे आता गंगावेशीत जातो.
म्हैस रस्त्यातच उभी, गवळी उकिडवा,
धार ग्लासात पडते, चर्र, चर्र,
भरत जाईल तसा तिचा सूर जाड होत जातो.
तेवढा वेळ कानातला आणि ग्लासातला
कुठला कुठं, ओळखू येत नाही.
ओठाला फेस. दूध अजून अंगाच्या उबेचं.

वाढवू का वैनी, गवळी म्हणाला.

एवढ्या वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं हे.
काय बोलावं सुचेना.
म्हटलो, अर्धाच.

घरी येताना रिक्षावाला घसा साफ करत होता,
कुठलंतरी शटर वर गेलं, कान वाजत होता.
किती झोपलो ते मोजू नका म्हणाल्यात बाई.
नाही मोजत.
पावणेपाच तास.