पावती

कोलो आमच्या धुराड्यापाशी यायचा तेव्हा
हातात पत्र्याचा वाडगा, तळाला भोक.
भोकावर अंगठा दाबून धरायचा तो
आणि मी मांगुरांची डोकी घालायचे,
कधी न खपलेली शेपटीही.

गळा गोड. पाटीवरची आयत म्हणू लागला
की चाडच्या पाण्यावरचे नावाडी वल्ही थांबवत.
मग नाक्यावरून भावाला उचललं शिपायांनी.
मोटरसायकल तेवढी परत आली,
तीही पैसे मोजून.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनीच ठाऊक.
आधी बाजारात त्याच्या आवाजाची मेमरी कार्डं,
साखरेच्या पुड्यांशेजारी.
मग रात्रीच्या होड्या.
मग शाळेचे पत्रे गेले, मास्तर गेले,
आणि माझा फनामी, पंधराचा,
आपल्या पायांनी गेला.
लोकांना मी सांगते, पळवला.

आता दर गुरुवारी पोरं येतात, पाठीला बंदुका,
दहा टोपल्यांमागे एक उचलतात.
अरेरावी नाही. पावती देतात.
शिपाई कुठे देत होते,
बाया कुजबुजतात, आणि ते खरं आहे.
परवा पावती नाकारणाऱ्या झन्नाला
त्याच्याच जाळ्यात गुंडाळून आणलं, तेही.

मला वाचता येत नाही.
पण सहीचं पहिलं अक्षर ओळखते,
तसंच कललेलं,
एक हात वाडग्यात अडकलेल्या पोराचं.

पावत्या पिठाच्या डब्यात ठेवते.
ठेवण्याआधी प्रत्येक उलटून बघते,
मागे फनामीने काही खरडलंय का.