शून्य पूर्णांक तीन

अठ्ठेचाळीस घरं, एक चर्च, मासळीचा बंद कारखाना,
आणि टेकडीवरच्या तळ्यापासून खाली उतरणारा एक पाइप.
गॅनेट टिकलचा पाणीपुरवठा म्हणजे एवढंच.
त्याची किल्ली आता माझ्याकडे आहे.
किल्लीला लाल लोकरीचा गोंडा,
लिअँडर पार्डीच्या बायकोने केलेला.

लिअँडर गेला तेव्हा सभेत विचारलं, पंप कोण बघेल?
आठवड्याला सहा तास, पैसे पेट्रोलपुरते.
कुणी हात वर केला नाही.
माझा हात केस मागे सारायला उठला,
तेवढ्यात नोंद झाली.

पंपघरात वह्या आहेत, एकवीस वर्षांच्या एकवीस.
तारीख, हवा, आणि शेवटच्या रकान्यात
पाण्यात उरलेलं क्लोरीन.
०.३
०.३
०.३
वादळात ०.३. नाताळला ०.३.
मार्चचं पान तर एकतीस तारखेपर्यंत भरलेलं,
सुवाच्य, एका बैठकीत.
दफन सतराला झालं. त्या दिवशीही ०.३.

काचेच्या नळीत पाणी घेतलं, पुडी फोडली, हलवलं.
गुलाबी व्हायला हवं होतं.
मिनिटभर थांबले. मग आणखी एक मिनिट.
नळीत नुसतं तळं होतं, फिकट चहाच्या रंगाचं.
क्लोरीनच्या पिंपावर धूळ,
आणि त्याची नळी नीट गुंडाळून खिळ्याला टांगलेली,
हंगाम संपल्यावर दोर टांगतात तशी.

राग यायला हवा होता.
आठवलं ते वेगळंच : मीच ओरडले होते दुकानात, सगळ्यांसमोर,
'लिअँडर, तुझ्या पाण्याने चहाला पोहण्याच्या तलावाची चव येते!'
सगळे हसले. तोही.
त्यानंतर चहा चांगला लागायला लागला.
का, ते कुणी विचारलं नाही.
एरवी कुठेतरी पाणी मुरतं;
आमच्याकडे ते सगळीकडेच मुरत होतं,
किटलीत, बाळाच्या बाटलीत, रात्री कवळी ठेवायच्या पेल्यात.

खाडाखोड करायची नाही, असा नियम आहे.
एकच सरळ रेघ, शेजारी खरा आकडा, आणि सही.
मी मेलेल्या माणसाच्या अक्षरावर रेघ ओढली.
०.० लिहिलं.
डल्सी राइडआउट.

मंगळवारी नमुना भरला : नळाचं तोंड ज्योतीने भाजून,
बाटलीच्या काठाला बोट लागू न देता.
बर्फाच्या पेटीत घालून धक्क्यावर उभी राहिले.
वारा नैऋत्येचा, बोट आली नाही.
तीस तासांनी नमुना बाद.
पाणी तेच, पण त्याची साक्ष आता कुणी घेणार नव्हतं.
पुढच्या मंगळवारी पुन्हा.
शुक्रवारी प्रयोगशाळेतून फोन.
मुलगी फार अदबीने बोलत होती, म्हणून कळलं.

अठ्ठेचाळीस दारांवर कागद लावले :
पाणी खळखळून उकळा, पूर्ण एक मिनिट.
आई म्हणाली, 'इतकी वर्षं प्यायलो, मेलो का?'
नाही, म्हणाले मी.
मग दोघींनाही एकदम आठवलं ऑगस्टमधलं ते,
माझ्या भावाची धाकटी, हेलिकॉप्टर,
आणि आम्ही सगळ्यांनी शिंपल्यांना दिलेला दोष.
आईने किटली चुलीवर ठेवली.
शिटी झाली तरी उतरवेना.

शेवटचं दार एफी पार्डीचं.
तिने कागद दोनदा वाचला. मग गोंड्याकडे पाहिलं.
'रोज वर जायचा तो,' म्हणाली, 'जेवणाआधी. बर्फातसुद्धा.'
'हो,' मी म्हटलं. 'वहीत आहे.'

नळी खिळ्यावरून काढून जोडली आहे.
दुकानात माझ्याशी कुणी फारसं बोलत नाही;
कपात नाक घालून मान तेवढी हलवतात.
आज ०.२.
हवं त्यापेक्षा थोडं कमी.
तसंच लिहिलं.