मांड्याचे दोन टक्के

रात्री साडेअकराला वडगावातले माग थांबले,
तेव्हा कुठे मला स्क्रीनवरचं नीट वाचता आलं:
शेकडा दोन, वर त्या दोनवर अठरा,
म्हणजे पाचशेच्या डब्यातले
अकरा रुपये ऐंशी पैसे
डबा उंबऱ्याबाहेर पडायच्या आधीच गेले.

दुसरी कंपनी म्हणते, पावणेदोन,
पण परदेशातलं कार्ड चालणार नाही.
आणि माझी पहिली चौकशीच मस्कतहून,
अनगोळच्या कुणाच्या तरी सुनेची,
डोहाळजेवणाला दोन डझन.
तिसरी म्हणते, पैसे त्याच दिवशी खात्यात,
फक्त त्या घाईचे वेगळे.
वर्षाची फी अगदी तळाला,
कुणाच्या हातून सांडलेल्या खसखशीएवढ्या अक्षरात.

आत्या खापर पुसत होती.
"काय वाचूलायस गं एवढं?"
म्हटलं, गिऱ्हाईक कार्डाचा नंबर घालणार,
पैसे मधल्याकडे जाणार,
तो आपलं काढून घेऊन
उरलेले परवा आपल्याला देणार.
"म्हणजे अडत्या," ती म्हणाली.
"मग त्यात वाचायचं काय?
अडत्याचं तोंड बघायचं."

तोंड नाही गं त्याला.
एक चौकोन आहे, त्यात लिहिलंय, कशी मदत करू?
मी चौकोनाला विचारलं, मांडा मोडला तर?
तो म्हणाला, आपला प्रश्न समजला नाही.

कसा समजावा.
कणकेचा गोळा मनगटावरून कोपरापर्यंत
झुलवत ताणायचा,
पलीकडची बोटं दिसायला लागली
की उपड्या खापरावर अंथरायचा.
गरम आहे तोवर घडी.
निवल्यावर घडी उलगडत नाही,
मांडाच मोडतो.
लोक मनात खातात ते मांडे कधी मोडत नाहीत.
आमचे कुरिअरनं जातात.

पुण्याच्या बाईनं सहा डबे घेतले
आणि एकातला चुरा दाखवून बँकेला कळवलं,
तर तीन हजार परत जाणार,
वर दंड,
आणि चुरा तिच्याकडेच.
याला ते चार्जबॅक म्हणतात.
आत्या म्हणाली, "खाल्ला असंल की तिनं. दुधात घालून."

शेवटी पहिलीच निवडली. कागद पाठवले.
दोनदा परत आले.
पॅनच्या वेळी आम्ही बेळगाम होतो,
आधारवर बेळगावी झालो,
दुकानाच्या पाटीवर कन्नड मोठं
आणि खाली मी, बोटभर.
यंत्रानं विचारलं, हा पत्ता एकच आहे का?
या प्रश्नावर आमच्याकडे मोर्चे निघालेत.
मी "होय"वर टिचकी मारली.

तरी मिसमॅच.
मग बँकेतल्या ईरण्णा हट्टीहोळीनं
जेवणाची सुट्टी सोडून पत्र लिहून दिलं,
ही बाई एकच, हे गाव एकच,
मजकूर इंग्रजी, सही कन्नड,
शिक्का थोडा तिरका.
"आय्तु अक्का," म्हणाला,
"बहिणीचं लग्न आहे गोकाकला, शंभर मांडे.
मी मात्र रोख देणार."

खातं चालू झालं त्या रात्री
मी माझ्याच कार्डानं मलाच एक रुपया दिला.
परवा अठ्ठ्याण्णव पैसे आले.
आत्यानं विचारलं, "दोन कुठं गेले?"
मी सांगायला तोंड उघडलं, तोवर तिनं
खापरावरच्या पहिल्या मांड्याचा कोपरा मोडून
रोजच्यासारखा चुलीत टाकला
आणि हात पुसत म्हणाली,
"हां. कळलं."

आज मस्कतची बाई पैसे भरते आहे.
स्क्रीनवर गोल फिरतोय.
थांबा, म्हणतोय, हे पान बंद करू नका.
खापर तापलंय,
आत्याच्या हातावर मांडा लोंबतोय
आणि ती विचारते आहे,
टाकू का,
टाकू का गं?